रुग्णवाहिकेवरचे पहिले वर्ष

रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू झालेल्या ईएमटीला, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला, वर्गात शिकवलेले बहुतेक सगळे येत असते. अम्बू बॅग धरता येते, बीपी घेता येतो, मानेला कॉलर लावता येते. चुकतो तो बहुधा क्रम. प्रसंगात जे सर्वांत ठळक दिसते किंवा मोठ्याने ऐकू येते त्याकडे नवखा आधी वळतो आणि जे गप्प आहे ते मागे राहते. पहिल्या वर्षात मोडायची सवय मुख्यतः हीच. जुन्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवातून ती आधीच मोडता आली, तर तेवढा भुर्दंड रुग्णाला पडत नाही.

भारतात हे काम बव्हंशी १०८ क्रमांकाच्या सेवेत चालते. ती २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली, २००८ मध्ये गोव्यात आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात आली. महाराष्ट्राने सुरुवात केली ती ९३७ गाड्यांनिशी: २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ मूलभूत. येथे गाडीवर डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. गोव्यासह अनेक राज्यांत मात्र रुग्णाशेजारी ईएमटीच बसतो आणि डॉक्टर नियंत्रण कक्षातून फोनवर सल्ला देतो. चालकाला सगळीकडे पायलट म्हणतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत हे काम नोंदले गेले. त्याआधी कित्येक वर्षे ‘गाडीवरचा पोरगा’ एवढीच त्याची ओळख होती. पदवी कोणतीही असो, पहिल्या काही महिन्यांतल्या अडचणी सारख्याच असतात.

ड्यूटीची सुरुवात गाडी तपासण्याने होते आणि पहिला निष्काळजीपणाही तेथेच होतो. मागच्या पाळीची सही पाहून आपली सही ठोकण्याची पद्धत नवखा दोन दिवसांत उचलतो. ऑक्सिजनचा नळ उघडला, फुस्स आवाज आला, म्हणजे सिलिंडर आहे, अशी समजूत असते. खरा प्रश्न तो किती वेळ पुरेल हा आहे. बी-टाइप सिलिंडर सुमारे १० लिटर आकारमानाचा असतो. दाबमापकाचा काटा १५० वर असताना त्यात साधारण १,५०० लिटर वायू असतो. काटा ५० वर आला की उरतात ५०० लिटर. मिनिटाला १० लिटर दिले तर ही पन्नास मिनिटांची पुंजी झाली, आणि तळाचा थोडा दाब राखून ठेवायचा असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला न्यायच्या रुग्णासाठी ती पुरणार नाही, हे निघण्यापूर्वी कळले पाहिजे. हा हिशेब कागद न घेता करता यावा, असा आग्रह अनुभवी लोक धरतात आणि तो रास्त आहे. बाकीच्या तपासणीत सक्शन मशीन चार्ज आहे का, एईडीच्या, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या, पॅडची मुदत संपली आहे का, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर तर पडून नाहीत ना, आणि अम्बू बॅगचा तान्ह्या बाळाचा मास्क जागेवर आहे का, हे पाहायचे. शेवटची वस्तू क्वचित लागते, म्हणूनच ती हरवल्याचे ऐन वेळी कळते.

घटनास्थळी पोहोचल्यावर दार उघडून धावत सुटणे हा नवख्याचा स्वभावधर्मच. त्याला पायलटने आवरायचे असते. शौचालयाच्या टाकीत, जुन्या विहिरीत किंवा मॅनहोलमध्ये एक माणूस बेशुद्ध दिसतो. त्याला ज्याने पाडले तो वायू दिसत नाही. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि अशा दुर्घटनांत अनेकदा मदतीला उतरलेलेच जास्त मरतात. तेथे श्वसनयंत्र लावलेल्या अग्निशमन जवानांशिवाय कोणीही उतरायचे नाही, मग वर जमलेला गाव कितीही शिव्या देवो. शेतात तुटलेल्या तारेजवळ पडलेल्या माणसाचेही तसेच. पावसात ओली काठी वीज वाहते. त्यामुळे लाइनमनने पुरवठा बंद केल्याचे स्वतः सांगेपर्यंत हात लावायचा नाही. महामार्गावरचा धोका मागून येणाऱ्या वाहनांचा असतो. रात्री चमकणारे जाकीट न घालता रस्त्यावर वाकलेला कर्मचारी ट्रकचालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

एकाहून अधिक जखमी असले की दिसण्या-ऐकण्याची ही फसगत सर्वांत स्पष्ट होते. जीप उलटलेली आहे, एक बाई पाय धरून किंचाळते आहे, एका तरुणाचा चेहरा रक्ताने माखला आहे, आणि कडेला एक म्हातारा शांत बसला आहे. नवखा बाईकडे जातो किंवा रक्ताकडे. जी किंचाळते तिचा श्वास चालू आहे, एवढे तर तिच्या आवाजानेच सिद्ध केले. डोक्याची कातडी थोडी फाटली तरी रक्ताचा देखावा मोठा होतो. पट्टी दाबून धरली की बहुधा थांबते. म्हातारा मात्र मिनिटाला ३६ श्वास घेत असतो, हातपाय गार असतात, आणि पोटात रक्तस्राव चालू असतो. म्हणून वर्गीकरणाचा साधा नियम आहे: चालू शकणाऱ्यांना बाजूला बोलवा आणि उरलेल्यांचे श्वास, नाडी व सांगितलेले समजते का, एवढेच पाहत पुढे सरका. मिनिटाला ३० हून जास्त श्वास, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक वेळ, किंवा साधी सूचना न पाळता येणे, यांपैकी एकही आढळले तर तो रुग्ण आधी. अपवाद हातापायातून उसळून वाहणाऱ्या रक्ताचा. ते तिथल्या तिथे दाबून किंवा पट्टा आवळून थांबवायचे, कारण अशा वेळी काही मिनिटांतच जीव जातो.

श्वास मोजणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे कौशल्य आहे. अहवालांच्या गठ्ठ्यात निम्म्या रुग्णांचे श्वास ‘१८’ लिहिलेले सापडले, तर ते कोणी मोजले नव्हते असे खुशाल समजावे. प्रौढाचा दर १२ ते २० असतो, आणि तो किमान अर्धा मिनिट घड्याळ धरून, रुग्णाला न सांगता मोजायचा. सांगितले की तो बदलतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर हा काही त्याला पर्याय नव्हे. गार पडलेल्या बोटावर तो भलतेच दाखवतो, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत ९८ दाखवतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू असताना किंवा खोलीत शेगडी ठेवून झोपलेले लोक बेशुद्ध सापडतात, यंत्रावर आकडा उत्तम असतो, आणि नवख्याकडून ऑक्सिजन लावायचा राहून जातो. येथे आकड्याकडे न पाहता सर्वांना बाहेर काढून मास्कने पूर्ण प्रवाहाचा ऑक्सिजन द्यायचा.

याहून गंभीर फसगत हृदय थांबलेल्या माणसाबाबत होते. पहिल्या काही मिनिटांत असा माणूस मासळीसारखा मधूनमधून तोंड वासतो. नातेवाईक म्हणतात, ‘श्वास चालू आहे’, आणि नवखाही ते मान्य करून नाडी शोधत बसतो. हे आचके म्हणजे श्वास नव्हे. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे पुरे आहे. दहा सेकंदांहून जास्त न घालवता छातीवर दाब सुरू करायचे. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० दाबांना २ श्वास, आणि दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. थकलेल्याला आपण थकलो हे कळत नाही, दाब मात्र उथळ होत जातात. स्ट्रेचर जिन्यावरून उतरवताना धड दाब देता येत नाहीत, म्हणून घाईने उचलण्यापेक्षा आधी जागेवर, कडक जमिनीवर काम करावे आणि एईडी तेथेच लावावा. ‘न्या की लवकर, काय करत बसलात’ हे ओरडणे कानाआड करणे पुस्तकात शिकवत नाहीत.

दारूचा वास हा दुसरा मोठा सापळा. फलाटावर, बसस्थानकावर, देशी दारूच्या दुकानासमोर पडलेल्या माणसासाठी फोन येतो तोच ‘पिऊन पडलाय’ अशा शब्दांत. वास येतो, कपडे मळलेले असतात, आणि मत तयार होते. पण पिणारा पडून डोक्याला मार लावून घेऊ शकतो, त्याला मधुमेह असू शकतो, आणि उपाशीपोटी दारूनेच साखर घसरू शकते. म्हणून बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या प्रत्येक माणसाची साखर तपासायची. ती ७० च्या खाली गेली असेल तर ग्लुकोज दिल्यावर अनेकदा काही मिनिटांत डोळे उघडतात. गिळता येत असेल तरच तोंडाने साखरपाणी, एरवी शिरेतून डेक्स्ट्रोज. दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या सारख्या आहेत का, हेही पाहायचे. याच माणसाला पोलिस ठाण्याच्या बाकावर सोडून आल्याच्या आणि पहाटे त्याच्यासाठीच पुन्हा गाडी निघाल्याच्या कथा प्रत्येक जिल्ह्यातले जुने पायलट सांगतात.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वांत कसोटी पाहणारी केस सर्पदंशाची, आणि त्यातही मण्यारीची. नाग, घोणस आणि फुरसे चावल्यावर बहुतेकदा सूज, वेदना, रक्त असे काहीतरी दिसते. मण्यार रात्री चावते, बहुधा जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला, आणि खूण इतकी बारीक असते की ती सापडतच नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. नवखा ईएमटीही पोटदुखी लिहून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघतो. वाटेत पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, थुंकी गिळवत नाही. त्यानंतर श्वासाचे स्नायू थकतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाची पहाटेची पोटदुखी ऐकली, की ‘डोळे पूर्ण उघडा, वर बघा, जीभ बाहेर काढा’ हे सांगून पाहायलाच हवे. आवळून बांधलेली दोरी, ब्लेडचा छेद, भगताचा झाडपाला यांत वेळ गेलेला असतो. त्यावर घरच्यांशी भांडण काढू नये, त्यांनी पुढच्या वेळी फोन करायला हवा. पाय हलू न देता, आडवे ठेवून, जेथे प्रतिसर्पविष आणि श्वास देण्याची सोय दोन्ही आहेत तेथे न्यायचे आणि आधी फोन करायचा. वाटेत श्वास थांबला तरी अम्बू बॅगने तो चालू ठेवता येतो. असा रुग्ण मेल्यासारखा निश्चल पडलेला असतो आणि तरीही सगळे ऐकत असतो. म्हणून त्याच्या उशाशी काय बोलावे याचेही भान हवे.

विंचवाचे गणित असेच उफराटे आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला आणि मृत्यूचे प्रमाण खाली आले. वेदनेने तळमळून बोंब मारणाऱ्याचे बहुधा तेवढ्यावर भागते. घामाने निथळणारा, हातपाय बर्फासारखे गार पडलेला, उलट्या करणारा आणि दुखण्याची फारशी तक्रार न करणारा रुग्ण धोक्यात असतो. त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू शकते.

कीटकनाशकाच्या विषबाधेत धोका गाडीतही येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा विष कोणी प्यायले नव्हते. ते कातडीतून आणि श्वासातून गेले होते. टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या, तोंडाला फेस, घाम, आणि तो उग्र वास. कपडे उतरवून, साबण-पाण्याने अंग धुऊन मगच रुग्णाला आत घ्यायचे, हातमोजे घालायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या. मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय थांबवायचा, कारण शुद्ध हरपत चाललेल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते. सक्शन मात्र सतत लागते. सकाळी ते चार्ज केले होते का, हे अशा वेळी कळते.

गाडीत होणाऱ्या बाळंतपणाची नवख्यांना सर्वाधिक भीती असते, आणि खरे म्हणजे तेथेच घाबरण्याचे कारण सर्वांत कमी. डोके दिसू लागले असेल तर पायलटला गाडी बाजूला घेऊन थांबवायला सांगायचे. हलत्या गाडीत बाळ निसटते. डोक्याला हलका आधार द्यायचा, ओढायचे काहीही नाही. बाळ आले की कोरडे करून आईच्या छातीवर, दोघांवर पांघरूण. रडणाऱ्या बाळाची नाळ कापायला घाई नाही, एखादे मिनिट थांबलेलेच बरे. न रडणाऱ्याला पुसून, पाठ चोळून उत्तेजन द्यायचे आणि तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच छोट्या मास्कने श्वास द्यायला लागायचे. उलटे धरून पाठीवर चापट्या मारणे सिनेमात ठीक. वार ओढून काढण्याचा मोह टाळायचा. सोबत आलेल्या आशाताईंना बाजूला बसवून ठेवणे हा शुद्ध अडाणीपणा. यातले त्यांनी नवख्याहून कितीतरी जास्त पाहिलेले असते.

कोठे न्यायचे, हा निर्णयही उपचाराचाच भाग आहे. अर्धे अंग लुळे पडलेल्या रुग्णाला सीटी स्कॅन नसलेल्या रुग्णालयात नेले तर रक्ताची गाठ विरघळवण्याची साडेचार तासांची मुदत तेथेच खर्च होते. त्यासाठी ‘त्रास कधी लक्षात आला’ हे विचारून भागत नाही, ‘शेवटचे धडधाकट कधी पाहिले’ हे विचारावे लागते. झोपेतून उठलेल्या रुग्णाबाबत या दोन उत्तरांत रात्रभराचे अंतर असते. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघावा. शंका वाटली की नियंत्रण कक्षातल्या डॉक्टरला फोन लावायचा. आपल्याला येत नाही असे दिसेल म्हणून फोन न करणारे नवखे असतात, आणि जुन्यांच्या दृष्टीने काळजीचे तेच.

सायरन लावून वेगात जाण्याने वाचणारा वेळ शहरात बहुधा थोड्या मिनिटांचाच असतो, आणि मागे उभ्याने काम करणारा ईएमटी पहिल्याच ब्रेकला आदळतो. शक्य तेवढे काम पट्टा लावून, बसून करावे. गिरगाव-परळच्या चाळींच्या अरुंद जिन्यांत स्ट्रेचर वळत नाही; चाकाची किंवा साधी मजबूत खुर्ची वापरून, रुग्णाला पट्ट्याने बांधून, पाय पुढे ठेवून उतरवायचे. कंबर गमावून ही नोकरी सोडणारे थोडे नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. तातडीचे उपचार हे पोलिस कारवाईसाठी थांबवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याचे संरक्षण आहे. हे त्याला तेथेच सांगितले तर तो पळून जात नाही आणि अपघात कसा झाला हे कळते. मृत्यू घोषित करण्याचा अधिकार ईएमटीला नाही, म्हणून नातेवाइकांशी बोलताना ‘गेले’ हा शब्द त्याने वापरायचा नसतो. पण ‘काही नाही, ठीक होतील’ असेही म्हणू नये. प्रकृती अतिशय गंभीर आहे आणि आम्ही काय करत आहोत, एवढे सांगावे. रुग्णालयात यायला नकार देणाऱ्याची सही घेताना धोका त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे आणि साक्षीदाराचे नाव लिहावे.

कॅज्युअल्टीत रुग्ण सोपवताना डॉक्टर एका मिनिटाहून जास्त ऐकत नाही. वय, काय झाले, केव्हा झाले, काय सापडले, काय दिले आणि त्यानंतर काय बदलले, या क्रमाने बोलले तर तेवढ्यात सगळे बसते. दिलेल्या औषधाची वेळ अंदाजे न लिहिता घड्याळ पाहून लिहायची. घाईत न झाकलेली सुई टोचणे बहुधा याच टप्प्यावर, गाडी आवरताना घडते. जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची, लगेच कळवायचे. एचआयव्हीप्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नोकरीवर रुजू होतानाच सुरू केलेले बरे.

रुग्ण सोपवला की ईएमटीचा त्याच्याशी संबंध संपतो, आणि शिकण्याच्या दृष्टीने ही या नोकरीतली सर्वांत मोठी उणीव आहे. पोटदुखी म्हणून आणलेल्याला खरोखर काय झाले होते, हे आणणाऱ्याला कळतच नाही, त्यामुळे चुकीचा अंदाजही बरोबर ठरल्यासारखा मनात बसतो. यावर उपाय साधा आहे. शंका राहिलेल्या केसचा क्रमांक आणि आपले अनुमान डायरीत लिहून ठेवायचे, नाव-गाव लिहायचे नाही, आणि पुढच्या फेरीला त्याच कॅज्युअल्टीत आले की ड्यूटीवरच्या डॉक्टरला किंवा सिस्टरना निदान काय निघाले ते विचारायचे. गर्दी नसेल तेव्हा बहुतेक जण सांगतात.